बांधावरची झोळी

आषाढ अर्धा उलटून गेला, भाताच्या दाढीतील रोपे वीत-दीड वीत वाढली आणि भीमाशंकराच्या डोंगररांगेवरून उतरणाऱ्या पाण्याने खाचरे काठोकाठ भरली, म्हणजे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाकडील वाड्यांमध्ये हातपाय धड असलेले एकही माणूस दिवसा घरी सापडत नाही. अशाच एका दिवशी आहुप्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका बांधावर पालथे टेकवून ठेवलेले इरले मला दिसले. इरले डोक्यावर असावयाचे ते जमिनीवर कसे, म्हणून जवळ जाऊन पाहिले, तो त्याच्या आडोशाला गोधडीच्या घडीवर आठ-नऊ महिन्यांचे एक मूल निजलेले, आणि शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी उकिडवी बसून हातातील टहाळीने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकीत होती. मूल जागे झाले व रडू लागले. मुलीने भाकरीचा एक तुकडा पाण्यात बुडवून त्याच्या तोंडाशी धरला. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याला कडेवर घेऊन ती चिखलातून वाट काढीत आवणी करणाऱ्या बायांच्या रांगेपाशी गेली. आईने वर पाहिले, कोपरापर्यंत चिखल माखलेले हात पाटाच्या पाण्यात धुतले, बांधाच्या कडेला टेकून मुलाला दोन घटका पाजले आणि रांग फार पुढे गेलेली पाहून त्याला पुन्हा मुलीच्या हवाली केले. वार मंगळवार होता, आणि त्या मुलीच्या अंगावर शाळेचा गणवेश होता.

गरीब कष्टकरी मातांच्या मुलांसाठी मोफत पाळणाघरे असावीत की नसावीत, असा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा तेव्हा मला त्या गणवेशाची आठवण होते. कारण ज्यास आपण शासकीय परिभाषेत मोफत बालसंगोपन म्हणतो ते या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. त्याचा मोबदला सहा-सात वर्षांच्या मुली आपल्या शाळेच्या दिवसांनी चुकवीत आल्या आहेत, आणि ज्या मुलास त्या सांभाळतात त्यासही त्या संगोपनातून पोटभर अन्न मिळत नाही. पाळणाघर म्हणजे आईची सोय, अशी समजूत शहरात आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात मात्र एका पाळणाघराने आई, तान्हे मूल आणि त्याची थोरली बहीण अशा तिघांची एकाच वेळी सुटका होते, आणि या तिसरीचा हिशेब बहुधा कोणी धरीत नाही, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

या दोन तालुक्यांचा भूगोल प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, त्याला लागून महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी लोकांच्या वाड्या. नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतचा हा पट्टा अतिपावसाचा, भातनाचणीचा आणि हिरड्याचा. पूर्वेस मात्र नारायणगाव, ओतूर, मंचर अशा भरभराटीच्या बाजारपेठा. कुकडी, मीना व घोड या नद्या आणि त्यांच्या उपनद्या यांवरील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांच्या पाण्यावर पोसलेली द्राक्षे, टोमॅटो, कांदा व ऊस. धरणे पश्चिमेला आणि पाणी पूर्वेला, अशी ही रचना आहे. घोड नदीकाठचे जुने आंबेगाव, ज्याचे नाव तालुक्याला आहे, ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे म्हणून आज आपण घोडेगाव ओळखतो. पश्चिमेकडील कुटुंबाला आपल्या भातावर वर्षाचे काही महिनेच निघतात. म्हणून पावसाळ्यात आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, त्यानंतर पूर्वेकडच्या बागांत मजुरी, आणि उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा डोंगरात येऊन बाळहिरडा वेचणे व वाळविणे, असे त्यांचे वर्ष फिरत असते. या फिरत्या वर्षाच्या प्रत्येक ठिकाणी तान्हे मूल आईबरोबर असते, कारण त्याला ठेवावयाचे कोठे?

द्राक्षाच्या बागेत ते मांडवाच्या अँगलला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असते. छाटणीनंतर विरळणी आणि 'डिपिंग' यांची घाई सुटते, बायका एकेक घड संजीवकाच्या द्रावणात बुडवीत ओळीओळीने पुढे सरकतात, आणि ज्या बागेत आदल्या दिवशी औषध फवारले त्याच बागेत झोळीतले मूल दिवसभर श्वास घेते. उसाच्या फडात स्थिती याहून बिकट. जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्यात नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती या जोडीच्या नावावर, तेव्हा मूल लहान आहे म्हणून बाईने कोपीत मागे राहावयाचे ठरविले तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. म्हणून पहाटेच्या काळोखात मूलही फडावर जाते. आणि या फडांत बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहला वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे, त्यावरूनच या प्रश्नाची व्याप्ती कळून यावी. उसाच्या आश्रयाने वाढलेल्या बिबट्याच्या हल्ल्यात बळी पडलेल्यांत शेतमजुरांची लहान मुले वारंवार आली आहेत. बंदोबस्ताची चर्चा पिंजऱ्यांपाशी सुरू होते आणि पिंजऱ्यांपाशीच संपते. फडाजवळ चार भिंतींची एक सुरक्षित जागा व तेथे एक जबाबदार बाई असावी, हीही बंदोबस्ताचीच बाब आहे असे मला मनापासून वाटते.

आता त्या मुलाच्या पोटाचा विचार करू. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते. त्यानंतर वरचे अन्न लागते, आणि तान्ह्या मुलाचे जठर इतके लहान असते की मोठ्या माणसाप्रमाणे दोन वेळा जेवून त्याचे भागत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या मुलास दुधाव्यतिरिक्त दिवसातून दोन-तीन वेळा आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत तीन-चार वेळा मऊ, दाट व थोडे स्निग्ध अन्न द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जी बाई सकाळी सातला जीपमध्ये बसते आणि दिवेलागणीला परत येते, तिने हे तीन-चार घास कोणत्या वेळी भरवावे? घरी धान्य नाही म्हणून मूल वाळते, ही अर्धी हकीकत आहे; घरी भात आहे, परंतु तो मऊ शिजवून, वेळच्या वेळी, समोर बसून भरवणारे माणूस घरी नाही, ही उरलेली अर्धी. सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हाती वाटी दिली तरी ती स्वतःच उपाशी असलेली पोर. कुपोषणाच्या तक्त्यांत वजन आणि उंची यांचे रकाने असतात. भरवणाऱ्या हाताचा रकाना त्यांत नसतो.

पाळणाघराची कल्पना आपल्याकडे गिरण्यांच्या वाटेने आली. पॅरिसमध्ये फिर्मॅं मार्बो नावाच्या गृहस्थाने 1844 साली कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पहिले पाळणाघर उघडले, आणि कारखानदारी जेथे जेथे गेली तेथे तेथे हा प्रश्नही गेला. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायका घरी ठेवलेले मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' चारीत. हा प्रकार इतका सार्वत्रिक होता की 1920 नंतरच्या सरकारी चौकशांत त्याची स्वतंत्र नोंद झाली. त्या मातांना निर्दय म्हणणे सोपे होते, पण ज्यांनी चाळीत जाऊन पाहिले त्यांना गोळीमागची नाइलाजाची कथा कळली. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे 1948 च्या कारखाना अधिनियमाने 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली ही संख्या 30 वर आणली गेली. प्रसूतिलाभ अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस पाळणाघराचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा दिली.

हे सर्व कायदे उपकारक खरेच. परंतु त्यांतील पाळणा संख्येच्या खुंटीला टांगलेला आहे. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराकडे विरळणीला आठ-दहा बाया असतात, त्याही आज या बागेत आणि उद्या त्या बागेत. त्यांचा हजेरीपट नाही, मालक कायम नाही, आणि कोणत्याही एका बांधावर तीस बाया एकत्र सापडत नाहीत. शेतमजूर स्त्री कायद्याच्या अक्षरातून अशी अलगद निसटते. तिला जवळ येणारी एक तरतूद रोजगार हमीच्या कामांपुरती होती. 2005 च्या केंद्रीय अधिनियमाने, सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आली तर कामावरील एका बाईला ती सांभाळण्यास नेमून तिला इतरांप्रमाणेच मजुरी द्यावी, असे ठरविले. मुले सांभाळणे हे काम आहे आणि त्याची मजुरी मातीकामाइतकीच, ही गोष्ट सरकारी कागदावर उमटली, हे मी या तरतुदीचे मोठे मोल समजतो. कामाच्या धांदलीत पाच मुलांची मोजणी करण्याची तसदी किती ठिकाणी घेतली गेली असेल, हा मात्र निराळा प्रश्न.

आपल्या या तालुक्यांत अशा कामाची परंपराच नाही, असे कोणी समजू नये. 1876-77 च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. तेथून 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाची भीषणता आणि सत्यशोधकांचे मदतकार्य यांचे वर्णन आहे. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडितांच्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाने बालाश्रम चालविला. त्याच्याही आधी, 1863 साली, या दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. आईवर संकट आले म्हणून मुलाने मरू नये, आणि त्याची जबाबदारी समाजाने उचलावी, हा विचार दीडशे वर्षांपूर्वी ओतूरच्या परिसरात प्रत्यक्ष वावरून गेला आहे.

तथापि बांधावरच्या त्या मुलीचे कोडे खऱ्या अर्थाने प्रथम ज्यांना उलगडले त्या ताराबाई मोडक होत. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला मॉण्टेसरीच्या तत्त्वांवर बालशिक्षणाचे काम करून, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाल्यावर वीस वर्षे त्यात घालविलेल्या या विदुषीने 1945 च्या अखेरीस तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालमंदिर उत्तम, साधने उत्तम, शिक्षिका उत्तम. पण वस्तीतली मुले येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरवून बाई पाणी, साबण, कंगवा आणि खेळणी घेऊन झोपड्यांसमोर जाऊन बसू लागल्या. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मास आला. पुढे 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. थोरली मुले शाळेत येत नव्हती, कारण काही गुरे राखीत होती आणि मुली धाकट्या भावंडांना राखीत होत्या. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली; आणि मुलींसाठी उपाय असा केला की, तू भावंडाला घेऊनच ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी 'विकासवाडी' उभी केली. मुलगी आत येई, कडेवरचे मूल पाळणाघरात देई आणि स्वतः वर्गात जाऊन बसे. मधल्या सुटीत ती येऊन त्याला पाहून जाई. शिक्षणशास्त्राची मोठमोठी पुस्तके या एका व्यवस्थेपुढे मला थिटी वाटतात; कारण प्राथमिक शाळेतील मुलींच्या गैरहजेरीचा इलाज प्राथमिक शाळेत नसून शेजारच्या पाळण्यात आहे, हे ताराबाईंनी मुलींच्या कडेवर पाहून ओळखले होते.

ताराबाईंचा शब्द सरकारने घेतला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव भारतभर पसरले. शब्द गेला, परंतु विकासवाडीतला पाळणा मागे राहिला. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले सकाळचे काही तास बसतात, शिकतात, खाऊ खातात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी शिधा घरी दिला जातो आणि तो भरवावयाचा आईने. म्हणजे ज्या वयात सांभाळण्याची निकड सर्वांत अधिक, त्याच वयाचे मूल दारातून परत जाते. यात सेविकेचा दोष नाही. लसीकरण, वजने, नोंदवह्या, गृहभेटी आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली तुटपुंज्या मानधनावर ती जे करते ते पुष्कळ आहे. आदिवासी क्षेत्रात 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण आणि पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तजवीज झाली, तीही हिच्याच हातून.

अलीकडे केंद्र सरकारने 2022 साली 'मिशन शक्ती'त 'पाळणा' नावाची योजना घालून 17,000 अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचा संकल्प सोडला. सहा महिने ते सहा वर्षे वयाची साधारण 25 मुले, महिन्यातून 26 दिवस, रोज साडेसात तास, आणि त्यासाठी अंगणवाडी सेविकेहून वेगळी पाळणासेविका व मदतनीस, असा तिचा आराखडा आहे. 'वेगळी' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. त्यापूर्वीच्या 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडूनही दरमहा 20 रुपये घेण्याची तरतूद होती. रक्कम क्षुल्लक दिसते. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असे तिच्या समर्थनार्थ सांगितलेही जाते. ते मला मान्य नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईची मजुरी आठवडेच्या आठवडे थकते, मग 20 रुपये थकतात, मग सेविकेने विचारू नये म्हणून ती मुलाला चार दिवस नेत नाही, आणि ते मूल पुन्हा झोळीत जाते. प्राथमिक शाळा आणि लस यांच्यासाठी आपण गरिबाकडून पैसे घेत नाही. त्या दोहोंइतकेच हे काम निकडीचे आहे.

पाळणाघरात दिवसभर घडते काय, हे पाहावयाचे तर छत्तीसगडातील बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने 2006 पासून चालविलेल्या 'फुलवारी' पाहाव्यात. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातलीच एक-दोन शहाण्या बाया, गावातलेच एखादे घर. सकाळी सातू, दुपारी डाळ-तांदळाची खिचडी, संध्याकाळी पुन्हा सातू, मध्ये झोप, आंघोळ आणि खेळ. यात महाग असे काही नाही, आणि आया शेतावर निर्धास्त जातात. दिल्लीत 1969 साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी एका तंबूत पाळणाघर सुरू केले, त्याचे मर्म असे होते: काम जेथे, तेथे तंबू, काम हलले की तंबूही हलतो. 'मोबाइल क्रेशेस'चे ते काम पुढे मुंबईत व पुण्यातही आले.

जुन्नर-आंबेगावला या दोन्ही तऱ्हा लागतील. डोंगरातल्या वाडीला फुलवारीसारखे स्थिर घर हवे, आणि ते वाडीतच हवे. पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडच्या गावठाणात मूल पोहोचविणे आवणीच्या दिवसांत कोणत्याही आईला शक्य नाही. त्याच्या वेळा सरकारी कचेरीच्या घड्याळावर ठेवून चालणार नाही. पूर्वेकडे नेणारी जीप सातला येते, म्हणून दार साडेसहाला उघडले पाहिजे, आणि साडेसात तासांच्या हिशेबाने ते दुपारी दोनलाच मिटत असेल, तर दोनपासून दिवेलागणीपर्यंत मुले पुन्हा बहिणींच्याच कडेवर येतील; तेव्हा दोन पाळ्यांत दोन बाया नेमणे, हाच मार्ग दिसतो. आवणीला एकमेकांच्या खाचरात सावडीने राबण्याची रीत या लोकांत आहेच. आज माझे, उद्या तुझे, असा तो हिशेब असतो. सावडीतल्या एका बाईने खाचरात न उतरता मुले धरावी आणि तिचे खाचर इतरांनी लावून द्यावे, ही गोष्ट त्यांना नव्याने शिकवावी लागणार नाही. सरकारने त्या बाईची मजुरी आणि मुलांचे अन्न एवढेच पुरवावयाचे. बागायती पट्ट्यात आणि उसाच्या फडांपाशी मात्र तंबूची तऱ्हा हवी, आणि तिचा खर्च बाजार समिती, कारखाना आणि पंचायत यांनी टनामागे वा क्रेटमागे थोडाथोडा वाटून घेतला, तर मालकाच्या हजेरीपटावर तीस बाया भरण्याची वाट पाहावी लागणार नाही.

त्या मंगळवारी परत फिरताना मी त्या मुलीला तिची इयत्ता विचारली. "दुसरी," ती म्हणाली, आणि मग कडेवरच्या भावाला दुसऱ्या बाजूस घेत, "आवणी सरली की जायचंय," असे म्हणाली. खाचरे अजून निम्मी लावावयाची होती.